कोवळ्या पेशीतल्या भिंती

परब मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या तेव्हा डावा तळहात आमच्या दिशेने उंचावलेला असायचा. तो खाली येईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. कांदिवलीच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, पण सगळा जीव बुरश्यांत. चिडल्या की मालवणी सुरू: “गो बाय, डोळ्यांक दिसता तां लिव, मनाक व्हया तां नको!”

मी त्यांच्याकडे पीएचडी करत होते. मनोरीच्या खाडीत, कुजलेल्या तिवराच्या लाकडावर त्यांना एक करडी, पापुद्र्यासारखी बुरशी सापडली होती. तिच्या बीजाणू धरणाऱ्या पेशी अखंड आहेत, आत भिंती नाहीत, यावरून त्यांनी तिचं कूळ ठरवलं. अठरा वर्षं सगळे तेच मानत आले. निवृत्तीआधीच्या शेवटच्या परिषदेत, सोमवारी, त्या याच बुरशीवर बोलणार होत्या.

शुक्रवारी मी तिच्या कोवळ्या पेशी रंगवून पाहिल्या. आत उभ्या भिंती होत्या. एका पेशीचे चार कप्पे. पिकल्यावर पेशी चुरगळते, भिंती दिसेनाशा होतात, आणि मॅडमनी पिकलेल्याच पाहिल्या होत्या. ही बुरशी मऊ, जेलीसारख्या बुरश्यांची सख्खी नातलग निघत होती. मी सात वेळा नवे काप घेतले. सातही वेळा भिंती.

शनिवारी सकाळी कसंबसं म्हटलं, “मॅडम, एक स्लाइड बघाल?”

तळहात वर गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हात खाली येईना.

“कधी दिसलं हे?” शेवटी त्यांनी विचारलं.

“काल.”

“आणि गप्प बसलीस?”

“घाबरले, मॅडम. तुमचं एवढ्या वर्षांचं काम...”

“माझ्या कामाचं मी बघते. नवा काप घे. माझ्यासमोर.”

मी ब्लेड उचललं आणि काप घेतला. त्यांनी तो पाहिला, आणि भाषणाचे कागद टराटरा फाडले.

सोमवारी त्यांचं पहिलंच वाक्य होतं, “माझं वर्गीकरण चुकलं.” पुढच्या रांगेतले एक जुने प्राध्यापक म्हणाले, “मग इतकी वर्षं पाहिलंत काय?”

“म्हातारपण पाहिलं, सर. बाळपण पाहायचं राहिलं. ते हिने पाहिलं,” असं म्हणून त्यांनी मला उभं केलं.

नंतर जिन्यात बसून त्या रडल्या. “लाज वाटली गो,” एवढंच म्हणाल्या. सुधारित शोधनिबंधावर मात्र माझं नाव आधी घालायला लावलं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या कपाटात जुन्या नमुन्यांची पाकिटं निघाली. जवळजवळ प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात एकच ओळ: ‘कोवळी पेशी पाहायची आहे.’ एकेक तपासत मी अकराव्या पाकिटाशी आले आहे.