जाधवांच्या घरातला समुद्र

मासे पाळणारे चार जण एकत्र बसले की गोष्टी निघतात त्या मेलेल्या माशांच्या. जिवंत माशाबद्दल सांगणार काय? तो पोहत असतो. मेलेल्याचं मात्र कारण शोधावं लागतं, कुणाचं चुकलं ते ठरवावं लागतं, आणि असे किस्से साचत जातात. आमच्या सोलापुरातल्या मंडळींकडे ते पुष्कळ होते, आणि त्यातले निम्मे जाधव मास्तरांच्या टाकीचे.

जाधव मूळचे माढ्याचे, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. आम्ही बाकीचे गोड्या पाण्यात गप्पी आणि गोल्डफिश पाळून सुखी होतो. जाधवांनी मात्र कुठल्याशा मासिकात क्लाऊनफिशचं चित्र पाहिलं. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, आणि राहायचा ॲनिमोनच्या कुशीत. ॲनिमोन दिसतो फुलासारखा, पण असतो प्राणी. त्याच्या बोटांना विष असतं. दुसरा मासा शिवला तर मरतो, हा मात्र त्यातच लोळतो. जाधव म्हणाले, आपल्याला हेच पाळायचंय. समुद्र इथून किती लांब आहे, असं मी विचारलं, तर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

* * *

समुद्राचं पाणी आणायचं काम आमच्यातल्या कांबळेंनी घेतलं. ते रेल्वेत गार्ड, मुंबईला जाणं-येणं चालू असायचं. पत्र्याचा डबा खाऱ्या पाण्यानं गंजतो, म्हणून जाधवांनी घरातल्या चिनी मातीच्या मोठ्या बरण्या दिल्या.

पुढे उन्हाळा आला. जाधवांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, कैऱ्या फोडल्या, मीठ-हळद लावून ठेवल्या आणि बरण्या मागितल्या.

जाधव म्हणाले, "त्यात समुद्र आहे."

त्या वर्षी त्यांच्या घरी लोणचं झालं नाही. फोडी गच्चीवर वाळत पडल्या.

* * *

मासे यायचे पार दक्षिणेतून, मंडपमच्या कोळ्यांकडून, एका गार्डाकडून दुसऱ्या गार्डाकडे सोपवत. पहिली जोडी पोचली आणि आठवडाभरात गेली. जाधवांना इतकं लागलं, की त्यांनी शाळेत निरोप धाडला, घरात मयत झालंय, दुपारनंतर येतो.

घरात माणसं दोनच, नवरा आणि बायको. हेडमास्तर हादरले. त्यांनी लगेच दोन शिक्षकांना पाठवलं. दोघं गंभीर चेहऱ्यानं जिना चढले, दार वाजवलं. दार वहिनींनी उघडलं.

दोघं एक पायरी मागं सरले. वहिनी म्हणाल्या, बसा, चहा टाकते.

आम्ही हा किस्सा कितीतरी दिवस सांगून हसत होतो. वहिनी माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या, "मी गेले असते तर सुट्टी पुरती घेतली असती का अर्धीच, तेवढं काय कळलं न्हाय."

* * *

दुसरी जोडी मात्र जगली. ॲनिमोन दगडाला घट्ट धरून बसला आणि लहान मासा त्याच्या बोटांत पहिल्यांदा शिरला, त्या संध्याकाळी आम्ही टाळ्या वाजवल्या. वहिनी त्याला फूल म्हणायच्या. जाधव शाळेत गेले की सुक्या कोळंबीचे सोडे भिजवून, बारीक तुकडे करून त्या फुलाला भरवायच्या. मासे त्यांच्या बोटांभोवती फिरायचे.

जाधवांना कळलं तेव्हा त्यांनी टाकीवर झाकण बसवून घेतलं. हाताला तेल-साबण असतो, म्हणाले. तेव्हापासून वहिनी काचेबाहेरून बघायच्या.

* * *

मग दुष्काळ आला. नळाला पाणी कधी यायचं याचा भरवसा नव्हता. शेजारच्या लक्ष्मीबाई गड्डम, विणकराच्या घरातल्या, रिकामी घागर घेऊन जाधवांकडे आल्या. टाकी दिसताच म्हणाल्या, घरात एवढं पाणी ठेवून नुसतं बघत बसता?

जाधवांनी सांगितलं, खारं आहे. त्यांना पटेना. शेवटी झाकण काढून त्यांनी पेलाभर घेतलं, तोंडाला लावलं आणि खिडकीबाहेर थुंकल्या. माघारी निघाल्या, पण घागर विसरली म्हणून दारातून परत वळल्या. उन्हानं टाकीतलं पाणी आटलं की मीठ वाढतं, म्हणून त्यात रोज गोडं पाणी घालावं लागे. जाधव नेमका तेव्हाच पिण्याच्या पाण्याचा तांब्या टाकीत ओतत होते.

लक्ष्मीबाईंनी घागर उचलली. त्यानंतर त्या वहिनींशीही बोलल्या नाहीत.

* * *

त्याच उन्हाळ्यात वहिनी तापानं पडल्या. घरात टेबलफॅन एकच, आणि तो टाकीकडे तोंड करून. पाणी तापलं की ॲनिमोन आक्रसतो. डॉक्टर आले, तपासलं आणि जाताना स्वतःच्या हातानं फॅन वहिनींकडे फिरवून गेले. ते जिना उतरले नसतील तोवर जाधवांनी तो परत टाकीकडे वळवला.

कांबळे तिथंच बसले होते. ते उठले आणि फॅन पुन्हा वहिनींकडे केला. जाधव शांतपणे म्हणाले, "तिला उद्या बरं वाटेल, कांबळे. हा उद्या नसेल."

वहिनींचे डोळे मिटलेले होते. ताप उतरला आणि त्या केमला माहेरी गेल्या.

* * *

त्या परत येईनात. ॲनिमोनही पावसाळ्याच्या तोंडाला गेला. विरघळून त्याचा घाण वासाचा चिखल झाला. जाधवांबरोबर ती बादली मीच ओढ्यापर्यंत नेली. नंतर आठवड्यानं ते म्हणाले, माझ्याबरोबर केमला चला, एकट्याला धीर होत नाही.

केमच्या घरी आम्हाला ओसरीवर बसवलं. जाधवांच्या सासूबाईंनी पाणी दिलं. दाराशी वहिनींची कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. वहिनी बाहेर आल्या, खांबाला टेकून उभ्या राहिल्या. माढ्याच्या सासूची चौकशी केली, पाऊस कसाय ते विचारलं. मग म्हणाल्या, "फूल कसं हाय?"

मी जाधवांकडे पाहिलं.

"चांगलंय," ते म्हणाले.

 वहिनींनी दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत नेली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंनी फडक्यात बांधलेल्या भाकरी हातात दिल्या. वहिनी पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. राहवेना म्हणून मी विचारलं, "मास्तर, असं का सांगितलंत? त्या यायला निघाल्या होत्या."

जाधवांनी फडकं सोडलं, एक भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे केली.

"खा," म्हणाले, "तिच्या हातची आहे."