नर्सबाईंच्या नातवाचा ताप

सुगंधाबाईंना अर्धंच सांगून पूर्ण काम करून घ्यायची सवय होती. अहेरीजवळच्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या नर्स आणि मी कंपाउंडर, म्हणून सांगतो.

शहाऐंशी साली तान्ह्या पोरांना त्रिगुणी लस द्यायचा हुकूम आला. घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याचं औषध एकत्र, महिन्या-महिन्याने तीन सुया. पहिल्याच सुईने पोरं तापत आणि आया दुसरीला दारं लावून घेत. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं, की डांग्या खोकल्याच्या मेलेल्या जंतूंत थोडं विष उरतं. ते अंगाला डिवचून जागं करतं, मग बाकीची दोन औषधंही जास्त लागू पडतात. ताप कुणाला येतो, कुणाला येत नाही, लस दोघांनाही लागू पडते. बाईंनी यातलं शेवटचं वाक्य गाळलं आणि गावभर सांगितलं, "ताप आला म्हंजे दवाई लागली."

आया खूश झाल्या. कोणाचं पोर जास्त तापलं, यावर विहिरीवर पैजा लागू लागल्या.

मग बाईंना हौस आली. बाळंतपणाला आलेल्या लेकीचं तीन महिन्यांचं पोर त्यांनी पहिल्या सुईला सगळ्यांसमोर आधी टोचलं, मग त्याच बाटलीतून गावातली पोरं. संध्याकाळपर्यंत गावातली नऊ पोरं फणफणली. बाईंचा नातू मात्र मजेत खिदळत होता.

सकाळी, गावातल्या आया जिचं ऐकत ती गिरजाबाई दारात उभी. तिचाही नातू तापला होता.

"आमच्या पोराइले तापाची सुई अन् तुमच्या नातवाले पाण्याची? काऊन बाई?"

गाळलेलं वाक्य बाईंनी आता जीव तोडून सांगितलं. कोणी ऐकेना. दुसऱ्या सुईला एकही पोर येणार नाही, असं गिरजाबाईने बजावलं. त्याच गावात आदल्या हिवाळ्यात डांग्या खोकल्याने दोन लेकरं गेली होती. महिनाभर ही शिकलेली बाई स्वतःच्या नातवासाठी मनोमन ताप मागत राहिली.

दुसऱ्या सुईला खरोखरच तो एकटाच आला. दुपार कलताना असा तापला, की बाईंचा चेहरा उतरला. तरी त्याला कडेवर घेऊन त्या गिरजाबाईच्या अंगणात गेल्या, मागे लशीची बर्फाची पेटी घेऊन मी. हात लावून पाहा म्हणाल्या. इतक्या पोरांना टोचलं, पण सुईने तापलेलं पोर त्यांनी कधी मांडीवर घेतलं नव्हतं.

गिरजाबाईने पोराच्या कपाळाला हात लावला, ओलं फडकं ठेवलं.

"भिऊ नका बाई. ताप आला म्हंजे दवाई लागली."

बाई तिथेच रडू लागल्या. गिरजाबाई आपला नातू आणायला घरात गेली आणि मी बर्फाची पेटी पुन्हा उघडली.