चौथा ढीग

समरजित शिर्के आपल्या घरात सरळ चालत नसे. दार उघडलं की तो आपोआप डावा खांदा पुढे काढी, पोट आत ओढी आणि खेकड्यासारखा तिरका तिरका मधल्या खोलीत शिरे. सवय इतकी अंगात मुरलेली, की बडोद्याजवळ बाजव्याला कंपनीच्या गोडाऊनमध्ये, जिथून ट्रक आरपार जातो, तिथेही हा गडी कडेकडेनं तिरकाच जाई. "शिर्केभाई, रस्तो मोटो छे," असं हमाल हसून सांगत. रस्ता मोठा आहे हे समरजितच्या कानांना पटे, खांद्याला पटत नसे.

दोष खांद्याचा नव्हता, कारेलीबागेतल्या घराचा होता. बैठक, मधली खोली, स्वैपाकघर आणि पुढे ओटला, एवढंसं टेनामेंट. माणसं चार: समरजित, त्याची बायको भक्ती, आई आणि वडील. सामान मात्र निम्म्या सोसायटीचं.

ते असं झालं. वडील धनाजीराव बँकेत बंदूकवाले रक्षक. त्यांचे आजोबा संस्थानच्या खजिन्यावर पहाऱ्याला. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचं धन राखण्यात गेल्या आणि त्या गडबडीत स्वतःचं साठवायला कुणाला सवड झाली नाही. धनाजीराव निवृत्त झाले, बंदूक बँकेत जमा केली, पण पहारा काही सुटला नाही. सोसायटीतलं कुणी कॅनडाला निघालं, कुणी मुलाकडे पुण्याला चाललं, की ते आधी शिर्क्यांच्या ओटल्यावर येऊन उभं राही.

"काका, बे महिनानी वात छे."

दोन महिन्यांचीच तर गोष्ट! धनाजीराव मिशीवरून बोट फिरवीत आणि म्हणत, "मूको ने! ठेवा की, घर तुमचंच आहे."

हे त्यांनी नम्रतेनं म्हटलं होतं. लोकांनी शब्दशः घेतलं.

ज्योत्स्नाबेन आपल्या गव्हाच्या दोन पत्र्याच्या कोठ्या दोन महिन्यांसाठी ठेवून लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला गेल्या. ते बाळ आता तिथल्या शाळेत जातं. तुकोजीराव, म्हणजे धनाजीरावांचे मावसभाऊ, तीन दारांचं लोखंडी कपाट ठेवून गेले आणि किल्ली घेऊन गेले. सोसायटीच्या गणेश मंडळाच्या सतरंज्या आणि थर्माकोलचे खांब कपाटाच्या माथ्यावर बसले होते. एक व्यायामाची सायकल होती, तिचा मालक कोण हे धनाजीरावांनाही आठवत नव्हतं. तिच्यावर टॉवेल वाळत. ह्या सगळ्याच्या मध्ये दोन सेट्या जोडून नवराबायको झोपत. खोलीला खिडकी होती असं जुनी माणसं सांगत.

"मी लग्न होऊन आले," समरजितची आई कुसुमावती येईल त्याला ऐकवी, "तेव्हा माहेरनं एक शिसवी पलंग दिला होता. कपाट आत यायचं म्हणून तो दारातनं बाहेर गेला. आमच्या घरात जागा करायची म्हणजे आधी आमचं जातं हो."

तेव्हापासून ती बैठकीतल्या दिवाणावर आणि धनाजीराव खिडकीखाली जमिनीवर गादी टाकून. "पाठीला बरं असतं," ते म्हणत. वर्षानुवर्षं त्यांच्या पाठीला बरं चाललं होतं.

समरजितनं हे सगळं सोसलं असतं. माणूस सोशिक. नोकरी गोडाऊनची, घर गोडाऊनचं, फरक इतकाच की नोकरीत आलेला माल कधीतरी जाई. पण गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात भक्ती दुपारची आडवी झालेली असताना कपाटावरचा एक खांब तिच्या उशीवर येऊन पडला. थर्माकोलचा होता म्हणून निभावलं. भक्तीनं डोहाळेजेवण उरकलं, बॅग भरली आणि रावपुऱ्यात माहेरी निघून गेली. मुलगी झाली, बारसं झालं, आणि मग एका सकाळी तिचा फोन आला.

"पुढच्या रविवारी मी हिला घेऊन येते. घोडियं ठेवायला जागा दिसली तर आत येईन. नाही तर रिक्षा सोडणारच नाही, तीच मागे वळवीन."

घोडियं म्हणजे चार पायांवरचा, झोळीचा पाळणा. बडोद्यात मराठी बाळंही त्यातच झोपतात.

"अगं भक्ती, एकदम कसं होईल? दोन महिने..."

"दोन महिने हा शब्द पुन्हा काढलास ना, तर मी पण कॅनडाला जाईन."

समरजितनं रजा टाकली आणि मोबाइलवर घर आवरण्याचे व्हिडिओ बघितले. त्यातली प्रसन्न बाई सांगत होती, तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. समरजितनं केले. तिन्ही ढीग मिळून एका खुर्चीवर मावले. बाकी खोली होती तशीच, भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेली. त्या चौथ्या ढिगाबद्दल बाई काहीच बोलत नव्हती.

"बाबा, हे सगळं जायला पाहिजे."

"जाईल ना. मालक आले की जाईल."

"मालक येत नाहीत, बाबा. म्हातारे व्हायला लागलेत तिकडे."

"ठेव आहे, समर. ती विकायची नसते, टाकायची नसते." धनाजीराव ओटल्याकडे निघाले. "परत देता येते."

हे शेवटचं त्यांनी कशाला म्हटलं देव जाणे, पण समरजितनं ते घट्ट धरलं आणि फोन लावायला बसला.

ज्योत्स्नाबेन व्हिडिओवर आल्या, कोठ्या पाहून रडल्या, सासूच्या हातच्या आहेत म्हणाल्या आणि शेवटी डोळे पुसून म्हणाल्या की मंदिराच्या अन्नक्षेत्रात देऊन टाक बेटा, धान्य तरी भरेल. मंडळाचे अध्यक्ष दोन दिवस "बघतो" म्हणत होते. समरजितनं खांब त्यांच्या स्कूटरला टेकवून ठेवले, मग त्यांना बघावंच लागलं. सायकल तीन घरांनी "आमची नाही" म्हणून नाकारली, ती आखाड्याच्या पोरांनी नेली. तुकोजीराव पुण्याहून म्हणाले, "अरे, अजून आहे ते? मी तर विसरलोच होतो. किल्ली कुठली सापडायला! फोड आणि भंगारात घाल, येतील ते पैसे घराला लाव."

कपाट फोडलं तेव्हा सगळे भोवती उभे होते. आत चार हँगर होते आणि खाली अंथरलेलं वर्तमानपत्र.

कुसुमावतीनं एक हँगर उचलून बघितला. "ह्याच्यासाठी माझा पलंग गेला."

"रिकामं का असेना," धनाजीराव म्हणाले, "आपला हात लागला नाही त्याला." आणि ते ओटल्यावर जाऊन बसले, खजिना हलवल्यावर पहारेकऱ्यानं बसावं तसे.

भंगाराच्या पैशांतून रंग आला. तोही नेमका कुणीतरी खास मिसळून घेतलेला आणि घरी नेऊन न आवडल्यानं दुकानात परत आलेला पिस्ता रंगाचा डबा, निम्म्या किमतीत. घरात दुसऱ्याचं काही राहू नये म्हणून धडपडणाऱ्याच्या भिंतींना अखेर दुसऱ्याचाच रंग लागला. बडोद्याच्या उन्हात तो बरा दिसला. हो, ऊन! कपाट हललं आणि मागून खिडकी निघाली. बिजागऱ्यांना खोबरेल तेल घालून समरजितनं ती उघडली, फरशी सोड्यानं घासली, आईच्या जुन्या नारायणपेठी साडीचे दोन पडदे शिवून घेतले, सेट्यांचे पाय पॉलिश केले. घोडियं ज्योत्स्नाबेनच्या पुतणीकडून आलं, तेही "वापरा आणि मग पुढे द्या" अशा बोलीवर. शनिवारी दुपारी तो दारात उभा राहून खोली बघत होता. पिस्त्याच्या भिंती, दोन सेट्या, खिडकीपाशी घोडियं, आणि मध्ये चालायला चांगली ऐसपैस फरशी.

तो आत गेला. तिरका गेला. मधोमध पोचल्यावर त्याच्या ते लक्षात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"बाबा," त्यानं ओटल्यावर येऊन सांगितलं, "आता पुन्हा कुणाला हो म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार. शब्द."

धनाजीरावांनी शब्द पाळला, हेच तर वाईट झालं.

चहाच्या सुमाराला समोरच्या ओळीतले मुकुंदकाका आले. त्यांची बायको दिवाळीनंतर गेली. सगळ्या गल्लीची पोलकी ती शिवायची. मुकुंदकाका एकटेच शिलाई मशीन ढकलत आले होते. लोखंडी पायांचं जड मशीन, रस्त्यावर त्याच्या चाकांच्या रेघा उमटलेल्या.

"धनाजीराव, एवढं ठेवून घ्या." ते धापा टाकत होते. "तिनं ओवलेला दोरा अजून तसाच आहे. काढवत नाही. आणि ते समोर असलं की जेवण जात नाही. दोन महिने. मग बघू."

धनाजीरावांचा हात मिशीपर्यंत गेला. तिथून त्यांनी तो खाली आणला. मान वळवली.

"खोली आता त्याची आहे. त्याला विचारा."

दोघं म्हातारे समरजितकडे बघू लागले. समरजितची तयारी होती. आठवडाभर आंघोळ करताना त्यानं नकार घोकला होता, मराठीत जागा नाही, गुजरातीत जग्या नथी, परप्रांतीय आलाच तर हिंदीतही. भक्ती, रिक्षा, उशीवरचा खांब, सगळं डोळ्यांपुढे उभं होतं. त्यानं तोंड उघडलं.

"मूको ने, काका. घर तुमचंच आहे."

आवाज हुबेहूब धनाजीरावांचा. समरजितला मिशी नव्हती, तरी बोट ओठावर गेलं होतं.

"झालं!" आतून कुसुमावतीचा आवाज आला. "पुढची पिढी कामावर रुजू झाली."

रविवारी जेवणाआधी रिक्षा आली. भक्ती उतरली, छातीशी दुपट्यातली मुलगी. "भाई, एक मिनिट ऊभा रहेजो," तिनं रिक्षावाल्याला सांगितलं. ती सरळ चालत आत गेली. बैठकीतून मधल्या खोलीत, कुठेही खांदा न काढता. उन्हात उभी राहिली. भिंतीला हात लावून बघितला, पडद्याला लावला. समरजित मागे उभा होता, मशीन आपल्या देहानं झाकता येईल का हे बघत.

"बाजूला हो." तो झाला. "कुणाचं?"

"मुकुंदकाकांचं. म्हणजे... काकूचं."

"किती दिवस?"

समरजितनं दोन बोटं दाखवली.

"बोल की," कुसुमावती दारातून म्हणाली. "घराण्याचं वाक्य आहे, लाजतोस कशाला?"

भक्ती मशीनजवळ वाकली. सुईत हिरवा दोरा होता. तिच्या डोहाळेजेवणाचं पोलकं हिरवंच होतं. काकूनं ते घाईघाईनं शिवून दिलं होतं आणि एक बाही जरा सैल राहिली म्हणून, "बाळंतपणानंतर आण, आत घेऊन देते," असं सांगितलं होतं. भक्तीनं दोऱ्याला बोट लावलं नाही. उभी राहिली आणि मोकळा हात पसरून वितीनं खोली मोजू लागली. बाहेर रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न वाजवला.

"घोडियं खिडकीपाशीच राहील," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे मशीन परत जाणार नाही. तू नेऊन देशील आणि काकांच्या दारातून पुन्हा घेऊन येशील. ओळखते मी."

"मग?"

"रात्री हिला घेऊन फेऱ्या मारायला मला फरशी पाहिजे. एक सेटी बाहेर जाईल."

"कुठली?"

"तुझी."

त्यानं आईकडे बघितलं. आई पदरात हसत होती, पण फार नाही.

"जाओ भाई," भक्तीनं खिडकीतून रिक्षावाल्याला हात केला. मग मुलीला घोडियात ठेवलं आणि झोळीला हलकेच झोका दिला.

जेवणं झाल्यावर समरजितनं सेटी उचलून ओटल्यावर उभी केली. पॉलिश अजून चिकट होतं. उन्हात ठेवली तर लाकूड तडकणार. शेजारचे प्रतापसिंह आपल्या ओटल्यावर पान लावत बसले होते. त्यांच्या घरात माणसं दोन आणि वरचा मजला अख्खा मोकळा. समरजित कुंपणापाशी गेला, घसा साफ केला.

"प्रतापसिंहभाई, एक सेटी होती. बे महिनानी वात छे."

"जग्या नथी, भाई," प्रतापसिंह पानावरची नजर न काढता, अगदी गोड आवाजात म्हणाले.

इतकं सोपं होतं ते! समरजित कुंपणापाशी उभा राहून त्या तीन शब्दांकडे कौतुकानं बघत राहिला, जादूगारानं रुमालातून कबूतर काढल्यावर बघावं तसा. मग परत फिरला.

बैठकीत दुपारची झोप सुरू झाली होती. कुसुमावती दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून. मधल्या खोलीचं दार लोटलेलं, आतून घोडियाची कुरकुर आणि भक्तीचं गुणगुणणं. धनाजीराव खिडकीखाली गादीवर पडले होते, डोळे मिटलेले. समरजित उंबऱ्यात उशी घेऊन उभा होता. आपल्याच घरात आपल्याला कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

धनाजीरावांनी डोळे उघडले नाहीत. नुसते भिंतीकडे सरकले, आणखी थोडे सरकले, आणि रिकाम्या झालेल्या अर्ध्या गादीवर हात थोपटला.

"ये. पाठीला बरं असतं."

समरजितनं डावा खांदा पुढे काढला, पोट आत ओढलं, आणि मावला.