हाताची सवय

आमच्या जुन्या पिकअपचं स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकं जागची हलत नसत. दीर म्हणायचे, "वहिनी, स्टेअरिंगचा बॉक्स झिजलाय, पण माझ्या हाताला सवय हाय." मी ऐकलं नाही. वडपे गावातल्या गॅरेजात समोर उभी राहून नवा बॉक्स बसवून घेतला. गाडी बाहेर काढताना दिरांनी सवयीने स्टेअरिंग पाव फेरा जास्तच फिरवलं आणि पिकअप गॅरेजच्या पत्र्यावर आदळली.

"बघा, नवा बॉक्सच खराब हाय," ते म्हणाले.

"उतरा भाऊजी," मी म्हटलं. "बॉक्स बदललाय, आता ड्रायव्हरही बदलू."

माल भरून कशेळीच्या गोदामापर्यंत मीच गाडी नेली. जुना बॉक्स बरा होता, असं ते अजून सगळ्यांना सांगतात. सांगू देत. किल्ली माझ्याकडे आहे.