मुद्देमालातलं चित्र

ती केस आठवली की आजही घास गोड लागत नाही. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी कल्याणला फौजदार होतो. एका कारकुनाची मुलगी आठ दिवस बेपत्ता होती. शेजाऱ्याने खबर दिली, शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांच्या खोलीत तिचं चित्र आहे, बघून या.

गेलो. समुद्रकाठी एक बाई आणि एक पुरुष भेदरल्यासारखे बिलगून बसलेले, मागे होडी. दोघांचे चेहरे हिरवे, पाणी लालभडक. नाक-डोळे धड नव्हते, पण बाईच्या कपाळावरचा व्रण तक्रारीतल्या वर्णनाबरहुकूम होता. मला वाटलं, मास्तरने पोरीचा काटा काढला. चित्र आणि मास्तर, दोन्ही चौकीत आणले.

"पाणी लाल का काढलंत?"

"डोळ्यांना दिसतं ते नाही काढत, साहेब. मनाला वाटतं ते काढतो."

"पोरगी कुठंय?"

मास्तरांना दुपारपर्यंत उभं ठेवलं. चक्कर येऊन पडले, तरी पत्ता सांगितला नाही.

जप्तीचा पंचनामा जागेवरच व्हायला हवा होता, घाईत राहिला होता. बाजारात मासळी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला पंच म्हणून बोलावलं आणि चित्रात काय दिसतं ते सांग म्हटलं. चेहऱ्यांकडे त्याने पाहिलंही नाही. होडीच्या पुढच्या टोकावर बोट ठेवून म्हणाला, "ही होरी आमच्या खाडीतली नाय, साहेब. एवढी उंच नाळ वसईकडं."

दुसऱ्याच दिवशी वसईच्या किनाऱ्यावर मुलगी सापडली, जिवंत, एका कोळ्याच्या मुलाशी लग्न करून राहिलेली. मास्तरांनीच दोघांना तिथे पोचवलं होतं. तिला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते, म्हणजे कायद्याने ताबा बापाचा. अब्रूपायी त्याला खटला नको होता, नुसती मुलगी हवी होती.

"साहेब, दोन महिने कुठंही ठेवा, पण घरी नको," ती म्हणाली. "बाबा मला जगू देणार नाहीत."

"बाप असं काही करत नसतो," मी म्हणालो आणि ताबापावतीवर बापाची सही घेतली.

महिन्याभरात तिचं प्रेत खाडीतून काढलं. पाय घसरला, बाप म्हणाला. पुरावा मिळाला नाही, अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

चित्र परत न्या म्हणून मास्तरांना तीनदा निरोप धाडला. ते आले नाहीत.

त्या चित्रात मी व्रण ओळखला, होडीचा माग काढला, वरिष्ठांची शाबासकीही घेतली. ती दोघं इतकी घाबरलेली का, हे मात्र मी कुणालाच विचारलं नाही. मुलीला महिलाश्रमात ठेवण्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता आला असता. अर्ध्या पानाचा अर्ज होता. मी तो लिहिला नाही.