डाव्या सीटवरचं पिस्तूल

कंपनीने दिलेलं होल्स्टर उजव्या कमरेला, आणि गाडीच्या पट्ट्याचं बक्कलही उजव्या कमरेलाच. हे ज्याच्या ध्यानात येणार नाही त्याला माझं पुढचं गाऱ्हाणं कळणार नाही, म्हणून आधी सांगून ठेवतो. इथं ऑस्ट्रेलियात स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. ड्रायव्हर उजवीकडे, मी डावीकडे. डाव्या सीटवरच्या माणसाचा पट्टा डाव्या खांद्यावरून उतरतो आणि उजव्या खुब्यापाशी खटकन बसतो. नेमकं तिथंच माझं पिस्तूल. एका जागेवर दोघांनी हक्क सांगितला की मधे चेंगरतं ते माणसाचं हाड.

मी बँकांची रोकड वाहणाऱ्या गाडीवर बंदूकधारी गार्ड. शिक्षण चौथी. तेही धड नाही, मास्तर बदलून गेले तसा मीही शाळेतून गेलो. बायको नर्स. इथल्या हॉस्पिटलला नर्स हव्या होत्या, तिला व्हिसा मिळाला आणि तिच्या कागदावर मी आलो. गावात म्हणाले, बायकोचा पदर धरून परदेशी गेला. म्हणू देत. पुण्यात बँकेच्या दारात बारा बोअरची घेऊन उभा राहायचो, इथं वॉलॉंगॉंगला आधी पोलादाच्या कारखान्यात झाडू मारला, मग गार्डचं लायसन काढलं, मग पिस्तुलाचं. कुणापुढे हात पसरला नाही. इंग्रजी बोलतो, दुसरा बोलला तर कळतं. वाचायला घेतलं की मात्र अक्षरं ओळीत उभीच राहात नाहीत.

पूर्वी आमची गाडी गावातल्या गावात फिरायची. आता लोक कार्डच टेकवतात, बँकांच्या शाखा बंद होत चालल्या, आणि ज्या उरल्या त्या लांब लांब. म्हणून दक्षिणेकडची फेरी मोठी झाली. सकाळी डेपोतून निघायचं, समुद्र डाव्या हाताला ठेवून खाली खाली जायचं, आणि संध्याकाळी परत. रस्ता असा सुंदर की काय सांगू. एकीकडे डोंगराचा कडा, एकीकडे पाणी, मधे हिरव्या कुरणात काळ्या गायी. पण हे सगळं जाड काचेतून. काच खाली होत नाही. दार आतून हवं तेव्हा उघडत नाही. अंगावर गोळी अडवणारं जाकीट, त्यावर पट्टा, कमरेला पिस्तूल, आणि नियम असा की गाडी चालू असेपर्यंत यातलं काही सैल करायचं नाही. पाय लांब करावा तर पुढे लोखंड. कूस बदलावी तर बक्कल. पिस्तुलाचा दस्ता बरगडीत आणि टोक सीटमध्ये रुतून सगळा कंबरपट्टाच वर ढकलायचं. मांजराला पोत्यात घालून नेतात तसा मी जायचो.

माझा ड्रायव्हर पंजाबी. स्वतः पन्नाशी उलटलेला, दाढी पांढरी, पण मला म्हणणार अंकलजी.

"अंकलजी, सीट में कीड़े हैं क्या? सुबह से हिल रहे हो."

"रस्ता बघ तुझा."

"रस्ता तो सीधा है जी. आप ही टेढ़े हो रहे हो."

एकदा त्याने साधी गोष्ट सांगितली. म्हणाला, जागा बदलू. आप गाड़ी चलाओ. ड्रायव्हरचं बक्कल डावीकडे, पिस्तूल उजवीकडे दाराच्या बाजूला, तिथं वीतभर मोकळी जागा. आणि ड्रायव्हरला थैल्या घेऊन उतरायचं नसतं. "मेरी भी टांगें खुल जाएंगी," तो म्हणाला. मी म्हटलं, मला ड्रायव्हरकी आवडत नाही. साफ खोटं. असल्या जड गाडीला वेगळं लायसन लागतं आणि त्याला कॉम्प्युटरवर परीक्षा, सगळी इंग्रजीत. साध्या गाडीच्या वेळी बायकोने पोपटासारखं पाठ करून घेतलं होतं, तेव्हा निभावलं. पुन्हा त्या खुर्चीत बसायची माझी तयारी नव्हती.

दुखतंय असं कंपनीला सांगावं तर डॉक्टरकडे पाठवणार. डॉक्टर खुबा बघणार, वय बघणार, आणि रस्ता बंद. मग मला डेपोच्या फाटकावरच्या काचेच्या खोलीत बसवणार. म्हणून मी ठरवलं, माणूस बदलायचा नाही, होल्स्टर बदलायचं.

पिस्तूल डेपोतच जमा करावं लागतं, घरी आणता येत नाही. रिकामं होल्स्टर मात्र आणता येतं, त्याला कुणाची हरकत नाही. आधी एक मऊ चामड्याचं घेतलं. कमरेला इतकं छान बसलं की वाटलं सुटलो. पण पिस्तूल बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटायचं, आणि परत घालायला दुसरा हात लागायचा. आमची ट्रेनर म्हणजे इथलीच एक उंच बाई, मेट, म्हणजे दोस्ता, म्हटल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नाही. तिने हातात घेऊन दाबून बघितलं आणि परत दिलं. "दुसऱ्या हातात थैली असेल तेव्हा काय करशील, मेट?" मग काखेतलं बघितलं. ते जाकिटावर बसेना आणि पट्टा नेमका त्याच खांद्यावरून. मग डाव्या कमरेला आडवं लावायचं. बसायला सगळ्यात उत्तम, उजवा हात मांडीवरून सरळ दस्त्यावर. ट्रेनर माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि नुसता हात पुढे केला. दस्ता आयता तिच्या हातात. "थँक यू, मेट," म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो, पण तोंडानेच.

शेवटी मांडीवरचं आणलं. ते कंबरपट्ट्यापासून खाली लोंबतं आणि मांडीला दोन पट्ट्यांनी बांधतात. बक्कल वर राहतं, पिस्तूल खाली. मला बघायचं होतं ते सीटवर कसं बसतं. एका शनिवारी दुपारी ते बांधलं आणि दारातल्या आमच्या करोलात डावीकडे जाऊन बसलो. पिस्तुलाच्या जागी काहीतरी हवं म्हणून स्वयंपाकघरातलं लाटणं घातलं. त्याची मूठ बरोबर दस्त्यासारखी वर राहिली. गाडीचा पट्टा लावला. थोडा पुढे वाकलो, थोडा मागे. झकास. मग पट्टा सोडायला गेलो तर हात बक्कलापर्यंत जाईना. लाटणं लांब. त्याची मूठ बक्कलाच्या बटणावर तिरकी येऊन बसली होती आणि माझा मांडीचा घेर तिला हलू देत नव्हता. ओढलं तर पट्टा आणखी आवळला. लाटणं उपसावं तर वर पोट. समोरच्या घरचा म्हातारा बागेत पाणी घालत होता, त्याने हात केला. मीही केला.

तेवढ्यात बायको बाहेर आली. हात कणकेचे.

"अहो, माझं लाटणं बघितलंत?"

मी समोर बघत राहिलो.

"अहो, तुम्हाला विचारतेय. आणि गाडीत का बसलाय? कुठं निघालाय?"

"कुठं नाही."

ती दारापाशी आली, वाकली, आणि तिने मांडीकडे बघितलं. मग म्हणाली, "दरोडा घालायला चाललाय का पोळ्या लाटायला?"

"आधी हे सोडव."

तिने आत हात घालून सोडवायला माझा शर्ट वर सारला आणि तिथंच थांबली. कमरेला करगोटा असतो माझ्या, काळा, लहानपणापासूनचा. दोरा जुना झाला की नवा बांधायचा, पण कंबर रिकामी ठेवायची नाही. त्याची गाठ कंबरपट्ट्याखाली येऊन येऊन उजवीकडची कातडी सोलली होती आणि भोवती तळहाताएवढा काळानिळा डाग. तिने बोटाने दाबलं. मी ओरडलो.

"हे गाठीने झालंय," मी म्हटलं. "गाठ मागे फिरवीन."

"गाठीने कातडी जाते, हाड दुखत नाही. मी काय आजची नर्स आहे? उतरा बघू."

उतरताना मी गाडीचं दार धरलं. ते तिने बघितलं. त्या दिवशी पोळ्या उशिरा झाल्या आणि जेवताना ती एकच वाक्य बोलली. "लंगडता तुम्ही, आणि तुमच्या भरवशावर जो गाडी चालवतो त्याला माहीत नाही." मी म्हटलं, मला शिकवू नको. ती ताट उचलून आत गेली.

ट्रेनरने मांडीवरचं मान्य केलं. ते लावून तिच्यासमोर नेम मारून दाखवावा लागला, तो मारला. डोळा आणि हात अजून पक्के आहेत, त्यांच्याकडे कुणी बोट दाखवू नये. पहिल्या फेरीला निघालो आणि खरंच सांगतो, कितीतरी महिन्यांनी मी समुद्र बघितला. बक्कल मोकळं, बरगडी मोकळी. पंजाबी म्हणाला, "आज अंकलजी दूल्हे जैसे बैठे हैं." मी त्याला पाय खरेदी करून दिली. म्हणजे खायची पाय, इथली मटण भरलेली कचोरीच म्हणा. तो खात नाही मटण हे विसरलो. मग दोन्ही मीच खाल्ल्या.

पण मांडीचा पट्टा बसल्यावर आवळतो. आवळत गेला असणार, मला कळलं नाही, कारण दुखत नव्हतं. दुखत नव्हतं कारण पाय बधिर झाला होता. एका छोट्या गावात बँकेसमोर थांबलो. ड्रायव्हरने आजूबाजूला बघून दार सोडलं. मी थैली घेऊन डावा पाय खाली टाकला, मागून उजवा, आणि तो पाय तिथं नव्हताच. थैली फुटपाथवर, मी गुडघ्यावर, हात दाराच्या कडीला. पिस्तूल मांडीसकट अंगाखाली. एक बाई बाबागाडी घेऊन चालली होती, थांबून म्हणाली, आर यू ओके? मला उठता येईना आणि हो म्हणता येईना.

ड्रायव्हरला गाडी सोडून उतरायची परवानगी नाही. तो उतरला. एका हाताने मला, दुसऱ्या हाताने थैली, दोन्ही आत घातलं आणि दार लावलं. मग स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

"अंकलजी, अभी कोई आ जाता तो?"

"आला नाही ना."

"मेरी दो बेटियां हैं. आपकी टांग के भरोसे नहीं छोड़ सकता. या आप बोलो डेपो में, या मैं बोलूंगा."

उरलेल्या दोन बँका त्याने डेपोला फोन करून रद्द केल्या. गाडी बिघडली म्हणाला. ते माझ्यासाठी होतं, आणि पुन्हा करणार नाही हेही त्याने सांगितलं. परत येताना रस्ता तोच, गायी त्याच, आणि मी त्या काचेच्या आत असा बसलेला की श्वास घेतला तरी आवाज होईल असं वाटत होतं. दार उघडून चालत घरी जावं असं वाटलं. पण दार माझ्या हातात नव्हतं, आणि पायही.

डेपोत उतरून मी स्वतः ट्रेनरकडे गेलो. दुसऱ्याने सांगितलेलं मला चाललं नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही मेट म्हणाली नाही. मग डॉक्टर, फोटो, कागद. खुबा झिजलाय. थैल्या उचलून उतरायचं नाही, एरवी बसून काम चालेल. ट्रेनर म्हणाली, ड्रायव्हरच्या सीटवर बसशील? लायसन काढ, सीट तुझी. तोपर्यंत फाटक.

एकदा गेलो परीक्षेला. बायकोने चित्रं दाखवून, वाक्यं म्हणून तयारी करून घेतली होती. खुर्चीत बसलो, पडद्यावर ओळी उमटल्या, आणि एका प्रश्नात असा एक शब्द आला की त्याच्याने 'हो'चं 'नाही' होतं की 'नाही'चं 'हो' हेच कळेना. बाकीचे त्याच्यामागे अडकत गेले. बाहेर आलो तो नापास होऊनच, बायकोने तोंडावरूनच ओळखलं. मी म्हटलं, पुन्हा जाणार नाही. डेपोत कुणाला सांगितलंही नाही.

आता फाटकावर बसतो. दोन दारं असतात, बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडत नाही, आणि मधे गाडी उभी राहते. दोन्ही बटणं माझ्याकडे. खुर्चीला पट्टा नाही, म्हणून होल्स्टर जुनंच लावलंय, कमरेवरचं, आणि ते कुठंही रुतत नाही. दिवसभर बसा. खिडकीतून दिसतं काय, तर पुढच्या गाडीचं नाक.

परवा सकाळी पंजाबी दक्षिणेच्या फेरीला निघाला. दोन दारांच्या मधे गाडी थांबवून स्पीकरवर ओरडला, "अंकलजी! पेपर कब है आपका?"

त्या स्पीकरचा आवाज सगळ्या आवारात जातो. ट्रेनर पलीकडे कॉफीचा कप घेऊन उभी होती. थैल्या मोजणारे दोघे-तिघे वळले. नापास झालो म्हणायचं होतं, नाहीतर जाणार नाही म्हणायचं होतं. माझ्या तोंडातून आलं ते, "पुढच्या आठवड्यात."

"पक्का?"

"आधी गाडी काढ बाहेर."

बटण दाबलं. तो हॉर्न वाजवत गेला. ट्रेनरने कप वर करून मला दाखवला. तारीख वगैरे काही घेतलेली नव्हती. बोलून बसलो होतो, तेही स्पीकरवर. मी बायकोला फोन लावला.

"अगं, ती परीक्षेची तारीख कुठं घ्यायची असते?"

"मी घेते," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं परत नाही म्हणू नका."

बोलता बोलता दोन दारांच्या मधे घेतलेल्या दुसऱ्या गाडीने हॉर्न दिला. मी बाहेरचं दार उघडलं.