अर्थच्या बोल्टाखालचा रंग

आमच्या वर्कशॉप डिटॅचमेंटची पोस्टिंग लडाखकडे आली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड, वेहिकल मेकॅनिक. गाव कारंजा घाडगे. त्या जागेचं नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. काम एकच. ट्रान्सपोर्टच्या जुन्या डिझेल गाड्या थंडीत चालू ठेवायच्या. सकाळी फॉल-इन झाला की एकेका गाडीचं बोनेट वर. बॅटरी, टर्मिनल, बेल्ट, स्टार्टर. बोटं सुन्न झाली की बुखारीजवळ जायचं, शेकायचं आणि परत पाना उचलायचा.

माझ्या हाताखाली नाईक भोयर होता. पुलगावला लागून असलेल्या नाचणगावचा. एकाच जिल्ह्यातले दोघं एका डिटॅचमेंटमध्ये, त्यामुळे लोक म्हणायचे, काय जोडी आहे! जोडी कसली डोंबलाची. त्याला पाहिलं की माझ्या पोटात दुखायचं.

उगाच नाही. मी कोर्समध्ये पहिला आलेला माणूस. मीटर लावल्याशिवाय बोलायचं नाही ही माझी शिस्त. आणि हा गडी यायचा, वाकून स्टार्टरला कान लावायचा, हातोडीने दोन टोले द्यायचा आणि म्हणायचा, "चाल वं माये." गाडी चालू! मेजरसाहेब खूश. गाडी अडली की हुकूम यायचा, "भोयर को बुलाओ." फीत माझ्या बाहीवर मोठी, नाव त्याचं मोठं. बरं, गाणंही तोच म्हणायचा. लंगरचा कुक त्याच्याच ताटात तर्री जास्त टाकायचा. मला कोणी गाणं म्हण असं कधी म्हटलं नाही.

वरून तोच मला चिडवायचा. "उस्ताद, काऊन फुगून राह्यले? मीटर तुमच्यापाशी हाय, कान माह्यापाशी."

"कान एक दिवस दगा देईल," मी म्हणायचो.

"तवा तुमाले बोलावू ना."

मग ब्रिगेडियरसाहेबांचं इन्स्पेक्शन लागलं. फौजेत एक बोलणं आहे. जो हिले उसको सलाम, जो न हिले उसको चूना. इन्स्पेक्शन आलं की दगडाला चुना आणि गाडीला हिरवा रंग, यातून कोणाची सुटका नाही. रंगाच्या पार्टीवर भोयर होता. जीव ओतून केलं त्याने. जे पार्ट इतर लोक वरून पुसून सोडतात ते त्याने उघडले, खालची चासी रंगवली आणि परत कसले. ब्रिगेडियरसाहेबांनी चासीखाली वाकून पाहिलं. "किसने किया?"

"नाईक भोयर, साहब."

त्याची पाठ थोपटली गेली. त्याच गाड्यांचं इंजिन मी ट्यून केलं होतं. इंजिनकडे कोणी वाकून पाहिलं नाही. तो हिरवा रंग तेव्हापासून माझ्या डोळ्यात खुपत होता. गाडीजवळून जाताना मी त्या रंगावर उगाच नख ओढून पाहायचो.

काही दिवसांनी एका सकाळी वरच्या चौकीवरून एक सिपाही खाली आणला. नवीन पोरगा, उंचीवरच्या हवेने छातीत पाणी भरलेलं. खोकल्यात गुलाबी फेस येत होता. नर्सिंग असिस्टंटने एवढंच सांगितलं, "साहब, नीचे उतारना पड़ेगा. अभी." ढग खाली आले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. कॅम्पवर चालू हालतीतली एकच थ्री-टनर होती, बाकीच्या रेशन घेऊन खाली गेलेल्या नाहीतर दुरुस्तीला उघडलेल्या. पेशंट मागे चढवला. ड्रायव्हरने बटण दाबलं.

कट्ट. बस, एवढाच आवाज.

परत दाबलं. कट्ट. दिवे मात्र चांगले लागत होते. गाडी बर्फात, तोंड चढाकडे. धक्का मारायचा प्रश्नच नव्हता.

"भोयर को बुलाओ."

मी तिथेच उभा होतो हो! दोन पावलांवर. तरी भोयर को बुलाओ.

भोयर गाडीखाली शिरला. कान लावला, टोले मारले. कट्ट. परत मारले. कट्ट. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "साहब, सोलेनॉइड गया. स्टार्टर उतारना पड़ेगा."

त्या थंडीत स्टार्टर उतरवणं, उघडणं, परत बसवणं. मागे तो पोरगा खोकत होता. मेजरसाहेबांनी मागच्या ताडपत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "झाडे?"

मी मीटर काढला. आधी बॅटऱ्यांवर लावला आणि ड्रायव्हरला बटण दाबायला सांगितलं. व्होल्टेज जेमतेम हललं. बॅटरी मेली असती तर काटा धाडकन खाली आला असता. म्हणजे बॅटरीत दम आहे, पण वीज जाऊनच नाही राहिली. मग एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या अंगावर. इथे काटा शून्याजवळच राहायला पाहिजे. "दबाओ." काटा सरळ वर चढला.

सोपं करून सांगतो. वीज जाड केबलने स्टार्टरकडे जाते आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येते. परत यायची वाट म्हणजे अर्थची, म्हणजे अर्थिंगची, पट्टी, चासीला बोल्टाने कसलेली. दिव्याला थोडी वीज पुरते. स्टार्टरला पूर लागतो. वाट अडली की नुसतं कट्ट.

पण खरं सांगू? मीटर लावायच्या आधीच माझी नजर त्या पट्टीकडे गेली होती. कारण तिथे रंग होता. भोयरचा रंग. मी बोल्ट सोडला, पट्टी उचलली. खाली चासी हिरवीगार, नव्या नवरीसारखी. बोल्टाच्या आट्यांतून थोडी वीज जात होती म्हणून इतके दिवस निभावलं. त्या दिवशीच्या गारठ्यात इंजिनाचं तेल घट्ट झालं आणि तेवढी पुरली नाही.

मी पट्टी भोयरला दाखवली. त्याने पाहिलं आणि ओठ चावला. कानशीने मी तो रंग खरवडला. लोखंड चकचकीत दिसेपर्यंत खरवडला, आणि लाज कशाला, फार मजा आली. पट्टी कसली. "दबाओ."

इंजिन एका झटक्यात बोललं. काळा धूर सगळ्यांच्या तोंडावर.

सुभेदारसाहेब म्हणाले, "एक मिस्त्री साथ जाएगा." मी टूल-किट उचललं. गाडी माझी होती. मी चालू केली होती.

"झाडे, तुम रुको," मेजरसाहेब म्हणाले. "बाकी गाड़ियाँ भी ऐसे ही रंगी हैं. सबका अर्थ खोलो. भोयर, चढ़ो."

घ्या! आयत्या बिळावर नागोबा. मी खाली उभा, तो केबिनमध्ये. दार लावताना म्हणाला, "येतो उस्ताद." मी मान वळवली.

दुपारी वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला. "पेशंट हॉस्पिटल में. जिंदा है. गाड़ी ठीक. ओव्हर." मी ऑपरेटरच्या बाजूलाच उभा होतो. वाटलं, आता तरी म्हणेल, उस्तादांनी केली. तसं म्हणाला नाही. सेट बंद.

परतीच्या रस्त्यावर वरून दगड आले. ड्रायव्हर वाचला. नाईक भोयर नाही वाचला.

आता मी रिटायर आहे. कारंज्याला हायवेच्या कडेला माझी शेड आहे, जुन्या ट्रकांचे स्टार्टर येतात. दर सव्वीस जानेवारीला नाचणगावला जातो. झेंडावंदन होतं, भोयरच्या फोटोला हार पडतो, आणि कोणीतरी माइकवर सांगतो की आपल्या गावच्या वाघाने बंद पडलेली गाडी चालू करून जवानाचा जीव वाचवला. तो सिपाहीसुद्धा दर दिवाळीला भोयरच्या आईला फोन करतो. मला कोणी करत नाही. पुढच्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवतो आणि आतून जळतो. मेलेल्या माणसावर जळतो. आहे ते आहे.

यंदा माइक माझ्या हातात दिला. कसं झालं माहीत नाही, तोंडातून निघून गेलं. "ती गाडी भोयरनं नाही, मी चालू केलती."

सरपंचाने दुसरीकडे पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "आजच्या दिवशी बोलाचं असते का हे?"

भोयरची आई पुढे खुर्चीवर होती. काठी टेकत उठली.

"खरं बोलले भाऊ," ती लोकांकडे वळून म्हणाली. "मी दरसाली कार्यक्रमाच्या आधी सांगते, तुमी ऐकताच कुठी? त्या दिवशी हॉस्पिटलातून त्यानं मले फोन केलता. म्हणे, माय, माह्या रंगानं गाडी बसली होती, झाडे उस्तादानं उठवली. आज मी हारलो, म्हणे. अन् हासून राह्यलता." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्हणून तर तुमची खुर्ची समोर ठेवाले लावते. तुमाले मालूम नोयतं?"

मला नव्हतं मालूम. माइक कोणाच्या हातात दिला तेही आठवत नाही. फोटोसमोर जाऊन सॅल्यूट केला, हात खाली यायला तयार नव्हता.

एसटीत बसल्यावर रडू आलं. आणि रडताना पहिला विचार काय आला सांगू? की हरलो हे हसत सांगता येणं मला या जन्मात जमलं नसतं. तिथेही साला माझ्या पुढे निघून गेला.